न झालेल्या अकरा सभा

"हितं करायची न्हवं सई?" मालनताईंनी पेन मुठीत धरत विचारलं.

"हो, इथे. मग पान उलटून पुढच्या पानावर."

मालनताई येडगे म्हणजे सहावीतल्या सोनलची आई. डाळिंबाच्या बागेतून थेट शाळेत आल्या होत्या, नखांत अजून माती होती. 'मा' काढून झाला की त्या थांबत, त्याच्याकडे बघत, मग 'ल' काढत. एका सहीला साधारण चाळीस सेकंद लागत होते. असलं मोजत बसायची मला सवयच आहे.

चौथ्या पानावर मी त्यांचा हात धरला. "इथे नको, ताई. या सभेला तुम्ही गैरहजर होतात."

"का वं?"

मी पान पुन्हा पाहिलं. "कारण लिहिलेलं नाहीये."

"आजारी आसंल मी. न्हाईतर भाचीचं लगीन आसंल." त्या हसायला लागल्या. "आन बाकीच्या समद्या सभांना आल्ते व्हय मी? लई हजेरी हाय की माजी. खरंच बोलावलं आसतं तर येवढी झाली नसती."

पलीकडच्या टेबलावर शिंगाडे सर कागदांना टाचण्या लावत होते. ते हसले नाहीत. "मालन, बाकीच्यांनाबी सांग," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत सह्या झाल्या पाहिजेत. परवा साहेब येणार."

मालनताईंनी आठ सह्या केल्या आणि पदराला हात पुसून बागेत परत गेल्या. वहीत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. बी.एस्सी. फिजिक्स, बी.एड., आणि पहिली नोकरी. बोरजाईची आमची शाळा पहिली ते सातवीची, खाजगी. सरकारची मान्यता होती, पण अनुदानाचा एक रुपया नव्हता. संस्थेचे अध्यक्ष पुण्याला असत आणि पंधरा ऑगस्टला येत. बाकी सगळं मुख्याध्यापक शिंगाडे सर बघत. त्यांनीच ही शाळा नऊ मुलांवर समाजमंदिरात सुरू केली होती.

अशा शाळेला तीन वर्षांची मान्यता मिळते. मुदत संपायच्या आत पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला येतात. वर्ग, पाणी, स्वच्छतागृहं, शिक्षकांच्या पदव्या, सगळं बघतात. त्यांचा अहवाल चांगला गेला तर पुढच्या तीन वर्षांचं पत्र येतं. आमची मुदत एकतीस मार्चला संपत होती. पत्र आलं नाही तर जूनपासून शाळा बंद. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच होती. त्यापुढची शाळा नऊ किलोमीटरवर, आणि तिकडे एसटी नव्हती. मुलगे सायकलवर गेले असते. मुलींचं काय झालं असतं, ते गावात कुणाला विचारायची गरज नव्हती.

तपासणीच्या यादीत सतरावा मुद्दा होता, 'पालक-शिक्षक समिती.' प्रत्येक वर्गाचा एक पालक चिठ्ठी टाकून निवडायचा, मुख्याध्यापक अध्यक्ष, एक शिक्षक सचिव. तीन महिन्यांतून एकदा तरी सभा घ्यायची आणि सभेत काय ठरलं त्याचं इतिवृत्त वहीत लिहायचं. म्हणजे तीन वर्षांत बारा सभा. आमच्या वहीत एकच होती, पहिली. त्यानंतर चिठ्ठ्याही टाकल्या नव्हत्या, त्यामुळे तेच सात पालक तीन वर्षं समितीवर होते आणि त्यांतल्या निम्म्यांना ते माहीत नव्हतं.

"वेदपाठक मॅडम," सरांनी सोमवारी मला बोलावून सांगितलं होतं, "आधीचे सचिव नोकरी सोडून गेले. आता तुम्ही सचिव. तुमचं अक्षर चांगलंय. तेवढ्या अकरा सभा लिहून काढा."

"पण सर, त्या झाल्याच नाहीत."

"कुठल्याच शाळेत होत नाहीत, मॅडम. लिहिल्या मात्र सगळीकडे जातात."

कॉलेजात आम्हाला लंबकाचा प्रयोग असायचा. गुरुत्व त्वरणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पुष्कळ जण लंबक न हलवताच उत्तरावरून मागे मागे येत रीडिंग काढत. कच्ची मुलं बरोब्बर नऊशे ऐंशी आणत आणि पकडली जात. मुरलेली मुलं नऊशे चौऱ्याहत्तर आणत. मी मुरलेल्यांपैकी होते.

सभाही मी तशाच लिहिल्या. शाळेच्या खेळांच्या पेटीतून लुडोचा फासा आणला. प्रत्येक सभेला प्रत्येक सभासदासाठी तो टाकायचा. एक किंवा दोन पडलं तर गैरहजर. सगळ्याच सभांना सगळे हजर दाखवले तर कुणालाही संशय येईल. अकरांपैकी एकाच सभेला सातही पालक हजर निघाले. ती मला जरा जास्तच भरल्यासारखी वाटली, पण फाशाने दिलेलं बदलायचं नाही असं मी ठरवलं होतं. तीन वेगळी पेनं वापरली. रविवार आणि सणवार कॅलेंडरवर बघून टाळले.

उरले ठराव. ते मनानेच लिहायचे होते आणि तिथे मला मजा यायला लागली. 'पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत.' 'वाचनालयाचे कपाट उघडे ठेवावे व पुस्तके घरी नेऊ द्यावीत.' 'मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी बसवावी.' जूनपासून जे जे सरांना सांगायचं मनात होतं, ते मी सात पालकांच्या तोंडी घातलं. लिहून झाल्यावर वही पुन्हा वाचली. समिती फार समजूतदार वाटत होती.

सरांनी अकरा ठिकाणी अध्यक्ष म्हणून सह्या केल्या, एकही ओळ न वाचता.

*

विस्तार अधिकारी नदाफ साहेब मोटरसायकलवरून आले. निवृत्तीला आलेले, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला. सरांनी मागवलेल्या नाश्त्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाण्याची बाटली स्वतःची होती.

"तपासणीला गेलेल्या ठिकाणी मी खात नाही," ते म्हणाले. "खाल्लं की जीभ जड होते."

दोन तास ते फिरले. वर्गांची लांबी-रुंदी टेपने मोजली. टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. तिसरीतल्या एका मुलाला वाचायला सांगितलं आणि तो अडखळला तेव्हा थांबून राहिले, शब्द सांगितला नाही. मला ते आवडले. मग कार्यालयात येऊन बसले आणि इतिवृत्ताची वही मागितली.

ते पहिल्या पानापासून वाचू लागले. एवढं सावकाश कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. सर खिडकीपाशी उभे होते. मी दाराशी.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, सर. आधीच्या कच्च्या नोंदींवरून पक्कं केलंय." हे उत्तर आम्ही ठरवून ठेवलं होतं.

"छान आहे." त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग बोट ठेवलं. "चौदा डिसेंबर, मागच्या शैक्षणिक वर्षातला. दुपारी चार. सातही पालक हजर. कुठे झाली ही सभा?"

मी त्यानंतरच्या जूनमध्ये आले होते. त्या डिसेंबरबद्दल मला एवढंच माहीत होतं, की कॅलेंडरवर तो शनिवार होता आणि सुट्टी नव्हती. "लिहिलंय ना, सर. शाळेच्या कार्यालयात."

"म्हणजे या खोलीत?"

"हो."

खिडकीपाशी शिंगाडे सरांनी एकदम मान वळवली. त्यांना आठवलं होतं. पण फार उशिरा.

"पंधरा डिसेंबरला या गावात ग्रामपंचायतीचं मतदान होतं," नदाफ साहेब म्हणाले. "तुमची शाळा मतदान केंद्र होती. केंद्राध्यक्ष मी होतो. चौदाला दुपारी दोन वाजता मी मशीन घेऊन या खोलीत आलो, ते पंधराला संध्याकाळी बाहेर पडलो. दारात पोलीस होता. चार वाजता तुमचे सात पालक कुठे बसले होते, मॅडम? माझ्या मशीनवर?"

बाहेर चौथीचे पाढे चालले होते. सत्तावीस एके सत्तावीसपासून ते सत्तावीस दाहे दोनशे सत्तरपर्यंत गेले.

"मी लिहिलंय," मी म्हणाले. "सगळं. एकही सभा झालेली नाही."

"तिचा काही दोष नाही, साहेब." सर टेबलापाशी आले. "मी लिहायला सांगितलं. खाली सही माझी आहे. जे काय करायचं ते माझं करा. पोरीची पहिली नोकरी आहे."

"बसा, शिंगाडे."

"साहेब, शाळा—"

"बसा म्हटलं ना."

सर बसले. नदाफ साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "तुम्ही मला कोरी वही दाखवली असती तर मी काय केलं असतं, सांगा."

"मान्यता अडवली असती," सर म्हणाले.

"बावीस वर्षं शाळा चालवताय आणि एवढं ठाऊक नाही? कोरी वही ही त्रुटी. त्रुटी मी अहवालात लिहितो, तुम्हाला ती दूर करायला तीस दिवस मिळतात, मी येऊन बघतो, संपलं. तुमच्या व्हरांड्याच्या उताराला कठडा नाही, ती त्रुटी. पाचवीच्या वर्गात उजेड कमी, ती त्रुटी. त्रुटीला कोणी शाळा बंद करत नाही. हे मात्र," त्यांनी वहीवर टिचकी मारली, "खोटं कागदपत्र. यावर गुन्हा होतो. साधी त्रुटी होती, तिचा तुम्ही कष्ट करून गुन्हा केलात. तीन रंगांच्या पेनांनी."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पेनंसुद्धा कळली होती.

ते पुन्हा वाचायला लागले. शेवटच्या पानापर्यंत गेले. मग मागे आले आणि एका ठरावावर थांबले.

"ही कडी. हे कुणी सुचवलं? पालकांनी?"

"नाही, सर. मीच. मुली एकीला दाराबाहेर उभी करून आत जातात. मी रोज बघते."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मतदानाच्या वेळी आमच्यात एक बाई होत्या. दोन दिवस त्यांनी प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या बायकोला दाराबाहेर उभं राहायला बोलावून आणलं. मी तेव्हाच शिंगाड्यांना सांगणार होतो. मशीन परत न्यायच्या गडबडीत राहून गेलं." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "मॅडम, लाल पेन आणा."

मी आणलं.

"मी नाही, तुम्ही घ्या. अकराही पानांवर आडवी रेघ मारा. खाली लिहा, 'ही सभा झालेली नाही.' सही आणि आजची तारीख. शिंगाडे, त्याखाली तुमची सही."

मी रेघा मारल्या. प्रत्येक पानावर तेच वाक्य लिहिलं. माझं अक्षर पहिल्या दोन पानांवर नीट होतं, मग बिघडत गेलं. सर माझ्यामागून सह्या करत आले. यावेळी ते प्रत्येक पान वाचत होते. वाचनालयाच्या ठरावापाशी थांबून हळूच म्हणाले, "हे मला सरळ सांगायचं नाही का, मॅडम?"

नदाफ साहेबांनी अहवालात लिहिलं: 'समितीच्या सभा झालेल्या नाहीत. इतिवृत्त मुख्याध्यापकांनी स्वतः रद्द केले. त्रुटी.' मग रद्द केलेल्या पानांवरचे नऊ ठराव वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायला लावले.

"नव्याने चिठ्ठ्या टाका. महिन्याच्या आत खरी सभा घ्या. हे नऊ विषय समितीपुढे ठेवा. मी येऊन मागच्या बाकावर बसेन. सभा झाली तर शिफारस करेन. नाही झाली तर दुसरा कागद आहेच माझ्याकडे." त्यांनी वहीचा फोटो काढला आणि रुमाल डोक्याला बांधला.

*

सभा तेरा मार्चला, शनिवारी, सकाळी नऊला झाली. चिठ्ठ्यांत सहावीसाठी पुन्हा मालनताईच निघाल्या. सातपैकी सहा पालक आले. सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. कडी बसली होती. वाचनालयाच्या कपाटाचं कुलूप काढलं होतं. मी दोन वर्गांचे प्रयोग सुरू केले होते आणि त्यात एक चंचुपात्र फुटलंही होतं. मागच्या बाकावर नदाफ साहेब, पाण्याची बाटली शेजारी ठेवून.

सर एकेक विषय वाचत होते. पालक माना हलवत होते. "मंजूर." "मंजूर." मी भराभर लिहीत होते. अर्ध्या तासात सगळं उरकेल असं वाटलं. सरांच्या कपाळावरच्या आठ्या सुटायला लागल्या होत्या.

"विषय सातवा," सरांनी वाचलं. "विद्यार्थ्यांना शिस्त लागावी म्हणून शाळेचे फाटक दहा चाळीसला बंद करावे व उशिरा येणाऱ्यांची नोंद ठेवावी. याची अंमलबजावणी जानेवारीपासून सुरूच आहे. मॅडम स्वतः नोंद ठेवतात. मंजूर?"

दोन-तीन माना हलल्या.

"थांबा," मालनताई म्हणाल्या.

सरांनी कागदावरून वर बघितलं. "काय, मालन?"

"हे आमी म्हणलं व्हतं?"

"म्हणजे... विषय समितीपुढे ठेवलाय. तुमचं मत विचारतोय."

"मत इचारताय तर सांगते. मॅडम, ती उशिराची वही हाय न्हवं तुमच्याकडं? आना हिकडं."

मी कपाटातून वही आणली. जानेवारीपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, नाव, वर्ग, किती मिनिटं उशीर. मिनिटंसुद्धा.

"वाचा नावं."

"सोनल येडगे, सहावी. आरती येडगे, पाचवी. शीतल गोरड, सातवी. सोनल येडगे. काजल—"

"समद्या वस्तीवरच्या. हाय का न्हाई? आता वार वाचा."

वहीत वार नव्हते, तारखा होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून बघत गेले. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. मंगळवार. शुक्रवार. मी बोट पुढे नेलं, फेब्रुवारी संपवला, मार्चवर आले. तेच दोन वार. एखादाच सोमवार मध्ये.

"मंगळवार-शुक्रवार वस्तीवर टँकर येतो," मालनताई म्हणाल्या. "आमी बाया आठलाच बागंत जातो. न गेलं तर खाडा. मग भांडी भरणार कोन? पोरीच. टँकर गेला की त्या पळत येत्यात, दोन किलोमीटर. आन तुमी फाटक लावताय. पयला तास भाईर उनात. मंगळवारी पयला तास इज्ञानाचा आस्तोय, सोनल सांगत व्हती. तुमचाच."

कुणीतरी खाकरलं. मी कॅलेंडरवरचं बोट काढलं नव्हतं.

अडीच महिने मी मिनिटं मोजली होती. एखाद्या गोष्टीची दर तीन आणि चार दिवसांनी पुनरावृत्ती होते आहे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसलं असतं. आणि माझ्या त्या समजूतदार समितीने अकरा सभांत पाण्याचा एकदाही विषय काढला नव्हता. कसा काढणार? तिला जेवढं मला ठाऊक, तेवढंच ठाऊक होतं.

"मग काय करायचं?" सरांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी हातातला कागद खाली ठेवला होता. "टँकर काय आपल्या हातात नाही."

"शाळा हाय न्हवं हातात? दोन दिस उशिरा भरवा."

"तसं कसं चालेल?" पहिलीच्या मुलाचे वडील म्हणाले. "आमची पोरं गावातली. आमी काय म्हणून थांबायचं?"

"तुमच्या दारात नळ हाय, पावणं. म्हणून तुमाला थांबाय येतंय."

मग वीस मिनिटं भांडण झालं. कुणी म्हणे नुसता पहिला तास खेळाचा ठेवा, कुणी म्हणे फाटक उघडं टाका. तिसरीच्या आईने तर टँकरवाल्याची आईबहीण काढली. मी मान खाली घालून लिहायचा प्रयत्न करत होते आणि एकही वाक्य धड होत नव्हतं. शेवटी सरांनी मागच्या बाकाकडे बघितलं.

"साहेब, शाळेची वेळ बदलायचा अधिकार आहे का आम्हाला?"

"वर्षाच्या तासिका भरल्या पाहिजेत, एवढा नियम," नदाफ साहेब म्हणाले. "सकाळी गेलेला तास संध्याकाळी भरून काढा. समितीचा ठराव करा आणि आम्हाला कळवा. आमचं उत्तर येईपर्यंत फाटक उघडं ठेवायला कुणी अडवत नाही." ते बाटली घेऊन उठले. दाराशी थांबून म्हणाले, "शिफारस आज लिहितो, शिंगाडे. आता ही सभा आहे असं दिसतंय."

पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. सभेच्या दिवशी मात्र, साहेब बाहेर पडताच, सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, लिहा म्हणून. मी इतिवृत्तात खाडाखोड झालेली ओळ सोडून नवी सुरू केली. पालक चपला शोधत होते.

"मालनताई," मी म्हणाले, "जरा बसाल का? टँकरचं परत सांगा. सावकाश. मला नीट लिहून घ्यायचंय."

त्या बाकावर बसल्या आणि माझ्या वहीत वाकून बघायला लागल्या. मी लिहिलं, 'येडगे वस्तीवर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहा वाजता पाण्याचा टँकर येतो.' लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही.

"धाला न्हाई," त्या म्हणाल्या. "धाला पोरी घागरी मांडून बसत्यात. टँकर साडेधाला येतो. तसं लिवा."